पहिली मोजणी

मल्लेश्वरम, बंगळूर
२८ ऑक्टोबर १९९४

चि. संयोगितास,

अण्णाचे आशीर्वाद, आणि पार्सल फोडून ओरडू नकोस. आत साडी नाही. ते स्टॉपवॉच आहे. ह्या भाऊबीजेला माझं येणं होत नाही, म्हणून ओवाळणी पोस्टानं. चावी हलक्या हातानं दे, तुझा हात लहानपणापासून जड.

चौथीची बाई असून शिट्टीही तुझ्याच गळ्यात आली, असं तू मागे लिहिलं होतंस. शाळेला पीटीचा मास्तर नाही, पोरांना नुसतं 'सावधान-विश्राम' करून उन्हात उभं करता, आणि तुलाच लाज वाटते. तर ऐक, तुझा भाऊ आता नुसता पीटी मेष्ट्रू राहिलेला नाही.

झालं असं. आमचे हेडमास्तर त्रिविक्रम सर जूनमध्ये म्हणाले, "रघुनंदन, आठवड्याचे चार तास पोरं नुसती धूळ उडवतात. पुढच्या वर्षी ते तास कॉम्प्युटरला देऊ या." इथं गल्लोगल्ली कॉम्प्युटरचं वेड शिरलंय. मी म्हटलं, सर, सोळा आठवडे द्या, धुळीतून काय निघतं ते आकड्यात दाखवतो. चौथीची छप्पन्न पोरं घेतली. कवायत बंद. मैदानावर खडूनं सहा मोठी वर्तुळं काढली. एकात दोरीउडी, दुसऱ्यात लंगडी, तिसऱ्यात बेडूकउड्या, चौथ्यात भिंतीला हात टेकून दाब, पाचव्यात चेंडूफेक, सहाव्यात खडू पळवायची धाव. अर्धं मिनिट काम, अर्धं मिनिट दम, मग पुढचं वर्तुळ. पंचवीस मिनिटांत पोरं घामाघूम, आणि तास संपला तर रडतात!

जूनमध्ये मोजलं तेव्हा उभ्या जागेवरून मारलेली लांब उडी सरासरी अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. परवा मोजली, एकशे एकवीस. सहाशे मीटर पळायला पन्नास सेकंद कमी. तास वाचले. शिक्षक संघाच्या मासिकात माझा लेख येतोय, फोटोसकट. फोटोत पोट आत ओढून धरलंय, तुझी वहिनी अनुसूया हसून हसून बेजार झाली.

तूही कर. वर्तुळांचा कागद सोबत आहे. प्रतापरावांना नमस्कार आणि आमच्या अनुषाला एक पापा.

तुझा
अण्णा

गडहिंग्लज
१२ नोव्हेंबर १९९४

ती. अण्णास नमस्कार.

साडी नाही म्हणून ओरडायचं नव्हतं होय? ओरडले. मग चावी दिली, टिकटिक ऐकली, आणि दिवसभर ते गळ्यात घालून घरभर फिरले. हे म्हणाले, "आता स्वयंपाकही सेकंदावर होणार की काय!" अनुषा तर घड्याळ उशाशी घेऊन झोपते. यंदा ती माझ्याच वर्गात आहे, शाळेत मला 'बाई' म्हणते आणि घरी वचपा काढते.

तुझा कागद मी हेडमास्तर हणमंतरावांना दाखवला. ते जुन्या तालमीतले. म्हणाले, "बाई, खडूच्या गोलात पोरं पैलवान व्हतात व्हय?" मी म्हटलं, माझ्या अण्णानं करून दाखवलंय. अण्णा, तुझं नाव घेतलं की माझ्या आवाजात बळ येतं बघ. इथं चौदा वर्षं झाली तरी माझ्या तोंडच्या कानडी 'स्वल्प' नि 'सरी'ला पोरं हसतात, पण तुझा लेख आल्यावर त्यांनाही कळेल आमचं बंगळूर काय चीज आहे.

मोजणी घेतली. एकेचाळीस पोरं. उडी एकशे तेरा! म्हणजे माझी पोरं सुरुवातीलाच तुझ्यापेक्षा पंधरा सेंटिमीटर पुढं. शेताबांधावरून उड्या मारत शाळेत येतात ना. तुझी बिचारी रिक्षातून येणारी.

एकच विचारायचं राहिलं. तू पहिली मोजणी किती वाजता घेतलीस? सकाळी की दुपारी? मातीवर की आणखी कशावर? मी सकाळी आठला घेतली, शाळेमागच्या गवतावर. दोन्ही वेळा सगळं सारखं हवं असं मला वाटतं, म्हणून विचारते. तेवढं कळव.

तुझी
संयू

मल्लेश्वरम
२४ नोव्हेंबर १९९४

चि. संयूस आशीर्वाद.

तुझं पत्र शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. हणमंतरावांचा 'व्हय' तर आमच्या संस्कृतच्या बाईंनी पाठच केलाय.

वेळेबिळेचं फार मनावर घेऊ नकोस. तू सकाळी घेतलीस ना, मग सकाळीच घेत जा. पद्धत महत्त्वाची. पोरांच्या बुटांच्या नाड्या बघ, पाण्याची कळशी सावलीत ठेव, आणि चढाओढ फार लावू नकोस, लहान पोर हरायला लागलं की अंग चोरतं.

लेख आलाय, अंक पाठवतो. जे. पी. नगरच्या एका शाळेनं मला बोलावलंय पद्धत समजावायला. राजाजीनगरहूनही निरोप आहे. रविवारी स्कूटरवरून तुझा भाऊ व्याख्यानं देत फिरतो, काय समजलीस!

अण्णा

गडहिंग्लज
१० जानेवारी १९९५

ती. अण्णास नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ पाठवते आहे, आणि त्याबरोबर एक कडू गोष्ट. गोड बोलायचा सण तोंडावर आलाय, पण तुझ्याशी नाही बोलायचं तर कुणाशी?

आठ आठवडे झाले. एक दिवस चुकवला नाही. स्वतः खडू घेऊन वर्तुळं काढते, साडी खोचून बेडूकउड्या मारून दाखवते. पोरं आनंदात आहेत, हे खरं. गैरहजेरी कमी झाली. वर्गातली सगळ्यात लाजाळू पोरगी आता लंगडीत पोरांना बाद करते. पण मोजलं तर उडी एकशे पंधरा. दोन सेंटिमीटर! आणि धावण्यात तीन सेकंद. टेप तीनदा लावली. घड्याळाची चावी दोनदा दिली.

हणमंतराव मिशीत हसले. पालकांच्या सभेत मी तुझा लेख वाचून दाखवला होता अण्णा. तेवीस सेंटिमीटर म्हणून छातीठोक सांगितलं होतं. आता तेच पालक फाटकाशी विचारतात, "बाई, कुठवर आलं?"

नाचता येईना अंगण वाकडं, असं व्हायला नको, म्हणून अंगणाला दोष देत नाही. पद्धत तुझीच, कागद तुझाच, घड्याळही तुझंच. म्हणजे चुकतंय ते माझंच. कुठं चुकतंय तेवढं सांग. तू सांगशील ते करीन.

तुझी
संयू

मल्लेश्वरम
२२ जानेवारी १९९५

चि. संयूस,

तिळगूळ पोचला. एवढं मनाला लावून घेतात होय? तुझं काही चुकत नाही. पोर म्हणजे काय पाव आहे, फुगलं की नाही ते तासातासाला बघायला?

तरी आकडे हवेच असतील तर थोडा जोर वाढव. दोन फेऱ्या जास्त घे. आणि धावणं रोज ठेव, सहाशेच्या जागी हजार. उन्हाळ्याआधी सहा आठवडे आहेत, नेट लावलास तर फरक पडेल. आमच्या पोरांना मी शेवटी शेवटी बरंच पिदाडलं होतं.

अनुसूया शेजारी बसून म्हणते आहे, "संयूला काय ते नीट लिहा." आता ह्याहून नीट काय लिहायचं? अनुषा कशी आहे? तिला म्हणावं, मामा तुझ्या उडीवर पैज लावून बसलाय.

अण्णा

गडहिंग्लज
२६ फेब्रुवारी १९९५

ती. अण्णास,

पत्राला उशीर झाला. अनुषाच्या पायाला प्लास्टर आहे.

घाबरू नकोस, सांगते सगळं. तू लिहिल्यावर मी रोज हजार मीटर सुरू केलं. पण लोकांच्या पोरांना एकदम कसं पळवायचं? म्हणून आधी माझ्या पोरीला पळवलं. सगळ्यांच्या पुढं तिला ठेवलं, की बाईंची मुलगी पळते तर आपणही पळू. सकाळी वर्गाबरोबर, आणि संध्याकाळी घरामागच्या मुरमावर माझ्यासोबत एकटीला. तू पैज लावलीस हे ऐकल्यापासून तिच्याही अंगात आलं होतं. अनवाणी पळायची, बुटानं वेळ जातो म्हणून.

तीन आठवडे तिची नडगी दुखत होती. मला सांगितलं नाही. रात्री ह्यांच्याकडून तेल चोळून घ्यायची, आणि "आईला सांगू नका, तिचे आकडे कमी पडतात" म्हणायची. दहा वर्षांची पोर अण्णा! एके सकाळी ती वर्तुळात लंगडी घालायला उभी राहिली आणि तशीच खाली बसली. लंगडीतही तो पाय तिला टेकवेना. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, नडगीच्या हाडाला बारीक तडा आहे. एकसारखं पळून पळून होतो म्हणे. त्यांनी मला विचारलं, "एवढ्या लहान मुलीला कुणी पळवलं?" मी म्हटलं, मी.

सहा आठवडे प्लास्टर. हाड नीट जुळेल म्हणतात. पण जिन्यावरून ती बसून बसून उतरते ना, ते बघवत नाही.

परवा पालकांची सभा झाली. मीच उभी राहिले. सांगितलं, की माझ्या भावाची पद्धत बंगळूरला सिद्ध झाली आहे, दोष तिचा नाही. सोळा आठवड्यांत तो तेवीस वाढवतो, आणि मला चारही जमले नाहीत. ते जमवण्यासाठी मी माझ्याच मुलीचा पाय मोडला. माझी लायकी नाही, शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या. हणमंतरावांनी शिट्टी परत घेतली. मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू चांगलंच सांगितलं होतंस, माझ्याच्यानं झालं नाही.

संयू

मल्लेश्वरम
६ मार्च १९९५

संयू,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतंच संयू.

हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. आधीच्या तिन्हींत कारणंच जास्त होती. आता सरळ लिहितो.

तू नोव्हेंबरात मला विचारलं होतंस, पहिली मोजणी किती वाजता घेतली. मी उत्तर दिलं नाही. उत्तर हे: दुपारी एक वाजता. पोरांचा डबा खाऊन झाल्यावर. फाटकाजवळच्या सिमेंटच्या अंगणात, अनवाणी, चटके बसत होते. उडी कशी मारायची ते कुणालाही दाखवलं नाही. एकेकाला एकच उडी. दुसरी मोजणी ऑक्टोबरात, सकाळी साडेसातला, शेजारच्या कॉलेजच्या हिरवळीवर, पायात कॅनव्हासचे बूट, आणि आधी दोन आठवडे फक्त उडीचीच तालीम. तीन उड्यांतली चांगली धरली. धावण्याचंही तसंच.

चुकून झालं नाही, संयू. जूनमध्ये टेप हातात घेताना मला माहीत होतं. सुरुवात जितकी खाली, तितकी वाढ वर दिसणार. त्रिविक्रम सरांना आकडा हवा होता, मी आकडा पिकवला. मनाशी म्हणत राहिलो, की टेप खोटं बोललेली नाही, अठ्ठ्याण्णव होते म्हणून अठ्ठ्याण्णव लिहिले. पण टेपला मीच खोट्या वेळी बोलावलं होतं. अनुसूया त्या दिवशी माझा डबा द्यायला शाळेत आली होती. तिनं फाटकातूनच विचारलं, "अहो, आत्ता जेवलीत ना पोरं?" मी तिला गप्प केलं. तुला पत्र लिहायला बसलो की ती शेजारी येऊन बसायची. जानेवारीत ती जे म्हणाली ते मी तुला चेष्टेवारी लिहून टाकलं.

ही वर्तुळं खोटी नाहीत. पोरं खरंच दमदार होतात, हसतात, शाळा चुकवत नाहीत. पण सोळा आठवड्यांत नऊ वर्षांच्या पोराची उडी तेवीस सेंटिमीटर वाढत नाही. वाढते ती तीन-चार. म्हणजे तुझे आकडे बरोबर होते. बंगळूरपासून गडहिंग्लजपर्यंत ह्या पद्धतीनं खरं मोजणारी तू एकटी निघालीस, आणि तुलाच मी 'नेट लाव' म्हणालो. जानेवारीत तू 'कुठं चुकतंय' विचारलंस, तेव्हा एक ओळ लिहिली असती तरी अनुषाचा पाय वाचला असता. त्या एका ओळीच्या जागी मी हजार मीटर लिहिले. का लिहिले ते सांगतो. त्या आठवड्यात राजाजीनगरला माझा सत्कार होता.

तू सभेत माझं नाव घेऊन उभी राहिलीस, ते वाचल्यावर मी शाळेत गेलोच नाही. तू दोष स्वतःवर घेतलास, आणि तो माझा आहे. त्या पालकांना हे पत्र वाचून दाखव. हणमंतरावांना दाखव.

क्षमा कर असं लिहिणार नाही, तोंड नाही. अनुषाला काय सांगायचं ते तू ठरव.

रघुनंदन

गडहिंग्लज
२ मे १९९५

प्रिय मामास,

मी अनुषा. आईला माहीत नाही मी पत्र लिहिते ते. बाबांनी पाकीट आणून दिलं.

माझं प्लास्टर निघालं. पाय पांढरा आणि बारीक झाला आहे, कुणाचा तरी दुसऱ्याचा वाटतो. डॉक्टर म्हणतात आता चाल, पळू नको. परीक्षेत मी दुसरी आले.

आईनं तुझं घड्याळ परत पाठवलं ना? रजिस्टर करून पाठवलं. मी रडले. आत चिठ्ठी घाल म्हटलं तर तिनं घातली नाही. तुझं पत्र तिनं दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. मग मीही वाचलं. मला सगळं कळलं नाही, पण बरंच कळलं. सभेत ते वाचलं नाही तिनं. बाबा म्हणाले, वाच, तुझ्यावरचा डाग जाईल. आई म्हणाली, "माझा जाईल आणि भावाला लागेल." मग भाकऱ्या थापताना रडत होती. ती तुझ्यावर रागावली आहे, पण कुणी तुला नाव ठेवलं की त्याच्यावरही रागावते. आम्हाला काय करावं कळत नाही.

मामा मला एक सांग. जेवून लगेच उडी मारली त्या मुलांच्या पोटात दुखलं का? मी एकदा जेवून पळाले होते तर खूप दुखलं होतं. तू विचारलंस का त्यांना?

तुझी
अनुषा

मल्लेश्वरम
१० मे १९९५

चि. अनुषास,

तुझं पत्र आलं, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देतो. उत्तर लांबवायची मला वाईट खोड आहे, ती मोडायची आहे.

हो, दुखलं. भव्या नावाची एक मुलगी होती, दोन वेण्यांची. उडी मारून ती नळापाशी गेली आणि ओकली. मी तिला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला, आणि मग तिचा आकडा लिहिला. एक्क्याऐंशी. सगळ्यांत कमी. तो आकडा मला कामाचा होता, म्हणून मी तिला पुन्हा उडी मारायला दिली नाही. तिला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. आईला लिहिलेल्या पत्रातही मी हे लिहिलं नाही. तू विचारलंस म्हणून आठवलं असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. मला आठवत होतं.

तुझ्या पायाला तडा गेला तो तुझ्या आईमुळे नाही. मी पैज लावली असं लिहिलं होतं ना, तसली पैज मी कुणाशीच लावलेली नव्हती. नुसतं लिहायचं म्हणून लिहिलं. तू ते खरं मानून पळालीस.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी भव्याला भेटेन. पाय दुखला तर आईला सांगायचं, लपवायचं नाही. मी लपवलं, बघतेस ना काय झालं.

तुझा
मामा

मल्लेश्वरम
१४ ऑक्टोबर १९९५

संयू,

सात महिने तुझं अक्षर दिसलं नाही. मागत नाही. फक्त झालेलं कळवतो, कारण ते कळायचा पहिला हक्क तुझा.

जूनमध्ये त्रिविक्रम सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "मेष्ट्रे, हे तुम्ही मला का सांगताय? कुणी विचारलंय का?" मी म्हटलं, माझ्या भाचीनं विचारलंय. त्यांना काही उमगलं नाही. चार तासांचे दोन झाले, बाकीचे दोन कॉम्प्युटरला गेले. मासिकाच्या ऑगस्टच्या अंकात माझं पत्र छापलंय, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. अंक सोबत आहे. जे. पी. नगर आणि राजाजीनगरच्या शाळांत स्वतः जाऊन सांगून आलो. एका मास्तरांनी दारातच म्हटलं, "अय्यो, आम्ही तर तुमच्यामुळे पोरांना दुप्पट पळवतोय!" त्यांना थांबवून आलो. तिथं कुणाचा पाय मोडला नव्हता. मोडायची वाट तेवढी मी करून ठेवली होती.

भव्या पाचवीत गेली. तिला म्हटलं, गेल्या वर्षी तुझी उडी मी नीट मोजली नव्हती, पुन्हा मोजू का? ती म्हणाली, "सार, मला बरं वाटत नव्हतं त्या दिवशी." एवढंच. वर्षभर तिला वाटत होतं की चूक तिचीच. तुलाही तसंच वाटलं होतं. माझ्यामुळे किती जणींना तसं वाटायचं बाकी आहे, कोण जाणे. सकाळी तिची उडी घेतली, एकशे सोळा आली. हसली, तेव्हा मला जास्त लाज वाटली.

यंदाच्या चौथीची पहिली मोजणी सकाळी आठला घेतली, शाळेच्या मातीवर, प्रत्येकाला आधी दोन सरावाच्या उड्या देऊन. दसऱ्याच्या सुट्टीआधी दुसरी, त्याच वेळी, त्याच मातीवर. एकशे चौदावरून एकशे अठरा. चार सेंटिमीटर, संयू. तुला 'चारही जमले नाहीत' ना? मला त्याच पद्धतीनं, वीस वर्षं शिट्टी फुंकून, चारच जमले. आठवड्याला दोनच तास होते म्हणून कमी, असं म्हणायचा मोह झाला होता. म्हणत नाही.

घड्याळ कपाटात आहे. त्याला चावी द्यायचं मी सोडलंय.

रघुनंदन

गडहिंग्लज
भाऊबीज, १९९५

अण्णा,

माफ केलं असं लिहिणार नाही. तो शब्द लिहिला की तू निर्धास्त होशील, आणि तू इतक्यात निर्धास्त होऊ नयेस असं मला वाटतं.

सात महिने तुझ्यावर धुमसत होते. माझा पराभव खरा नव्हता हे कळल्यावर आधी बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून माझाच राग आला. कारण तुझ्या आकड्यासाठी पळवलं ते मीच ना? डॉक्टरांना मी 'मी' म्हणाले ते काही खोटं नव्हतं. तू मला वेळ सांगितली नाहीस, पण पोरीचा चेहरा तर माझ्या समोर होता. तो मी घड्याळातून बघत राहिले. तेव्हा सगळा दोष एकट्यानं उचलून मोठा होऊ नकोस. अर्धा इथं ठेव.

मागच्या महिन्यात तुझं ते मार्चचं पत्र हणमंतरावांना वाचायला दिलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, "बाई, चुकलं असं कागदावर लिहून देणारा मास्तर मी पहिल्यांदा बघितला," आणि टेबलाच्या खणातून शिट्टी काढून माझ्यापुढं ठेवली. पुन्हा खडूची वर्तुळं काढते आहे. धावणं आठवड्यातून दोनदा, तेही ज्याला हवं त्यानं.

ह्या वर्षी मनात होतं की चंद्राला ओवाळायचं, भाऊ नसणाऱ्या बायका ओवाळतात तसं. तबक तयार केलं. तर अनुषानं पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, आणि पिठाच्या डब्याखालून तुझं पत्र काढून पाटावर ठेवलं. पीठ लागलं होतं त्याला. मी म्हटलं, हे काय ग? म्हणाली, "मामानं खरं सांगितलं तो हाच मामा आहे, ह्यालाच ओवाळ." मग काय करते? ओवाळलं. कुंकू लावताना 'दुपारी एक वाजता' ही ओळ पुसट झाली, पण वाचता येते.

आता ओवाळणी. ती मी ह्या वेळी पोस्टानं घेणार नाही. घड्याळाला चावी दे आणि ते गळ्यात घालून स्वतः ये, वहिनींना घेऊन.

पोरगी आता उड्या मारते, अजून बिचकत. तिची पहिली मोजणी मी काल घेऊन ठेवली. एकशे नऊ. सकाळी आठ, शाळेमागचं गवत, अनवाणी, उपाशीपोटी नाही पण जेवूनही नाही. दुसरी मोजणी तू घ्यायची आहेस, नाताळच्या सुट्टीत, त्याच गवतावर, सकाळी आठलाच. बंगळूरची बस इथं दुपारी बाराला पोचते, तेव्हा एक दिवस आधी ये.

संयू